उसाचे बिल, गाडीचा हप्ता आणि शिलकीचा हिशेब



गळीत हंगामात बिले जमा होऊ लागली की गावात नव्या गाड्याही दिसू लागतात. गाडी घेणे हा काही गुन्हा नव्हे. दवाखाना, बाजार, मुलांचे शिक्षण यांसाठी घरी वाहन असणे आज गरजेचे झाले आहे. पण गाडी कोणत्या पैशातून घ्यायची आणि कर्ज कसे काढायचे, हे आधी कागदावर मांडून पाहिले पाहिजे.

नोकरदाराचा पगार दरमहा येतो. आपला पैसा तसा येत नाही. सुरू ऊस वर्षाने, आडसाली तर सोळा ते अठरा महिन्यांनी तुटतो. कायद्याप्रमाणे ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असले, तरी ऊस तुटायलाच वर्ष-दीड वर्ष जाते. गाडीचा हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरल्या तारखेला दारात उभा! हप्ता चुकला की दंड, चेक परत गेला की त्याचा वेगळा भुर्दंड. म्हणून कर्ज काढतानाच विचारावे : हप्ते सहामाही किंवा वार्षिक करून मिळतील का? मिळत नसतील तर बिल आल्याबरोबर वर्षभराच्या हप्त्यांची रक्कम वेगळ्या खात्यात टाकावी आणि तिला हात लावू नये.

आता व्याजाचे पाहू. समजा, गाडी ८ लाखांची. ३ लाख रोख दिले, ५ लाख कर्ज, मुदत ५ वर्षे. एजंट सांगतो, “व्याज फक्त १० टक्के.” हे १० टक्के कशावर, ते विचारा. सपाट दर असेल तर पाचही वर्षे पुऱ्या ५ लाखांवर व्याज लागते, निम्मे कर्ज फिटले तरीही! व्याज होते २ लाख ५० हजार, हप्ता १२,५०० रुपये. तेच १० टक्के घटत्या शिलकेवर असतील तर हप्ता सुमारे १०,६२५ आणि व्याज सुमारे १ लाख ३७ हजार. फरक झाला १ लाख १२ हजारांवर. सपाट १० टक्के म्हणजे घटत्या शिलकेने सव्वासतरा टक्के पडतात.

१ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशा नव्या कर्जाला मुख्य माहितीचा एक तक्ता द्यावा लागतो, तोही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. सर्व खर्च धरून वर्षाला खरा दर किती पडतो, ते त्यात असते. तो कागद वाचल्याशिवाय सही करू नये.

सपाट दराचा हप्ता वर्षाला दीड लाख होतो. टनाला ३ हजार रुपये धरले तर ५० टन ऊस नुसत्या हप्त्यात गेला. खत, पाणी, मजुरी अजून बाजूलाच आहे. पाच वर्षांत आपण मोजतो साडेदहा लाख, आणि विम्याच्या तक्त्याप्रमाणे पाचव्या वर्षी गाडीच्या किमतीतून निम्मी घट धरली जाते. म्हणजे हाती उरते ४ लाखांची वस्तू. हेच दोन हंगाम थांबून २ लाख जास्त साठवले, आणि ३ लाखच कर्ज ३ वर्षांसाठी घटत्या १० टक्क्यांनी घेतले, तर व्याज साधारण साडेअठ्ठेचाळीस हजारांवर आटोपते.

म्हणून बिल हाती आल्यावर क्रम असा ठेवावा. पहिले, सोसायटीचे पीक कर्ज. केंद्राच्या योजनेत ३ लाखांपर्यंत ७ टक्के दर आहे, आणि वेळेवर फेडणाऱ्याला ३ टक्क्यांची सूट मिळून तो ४ वर येतो. राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलतही मुदतीत फेडणाऱ्यालाच आहे. गाडीच्या रोख रकमेसाठी पीक कर्ज थकवणे म्हणजे स्वस्त पैसा घालवून महाग पैसा घेणे होय. दुसरे, पुढच्या पिकाचा खर्च. तिसरे, आजारपण आणि दुष्काळ यांसाठी शिल्लक. गाडी त्यानंतर.

शिल्लक कुठे ठेवावी, हेही पाहावे. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून एका ठेवीदाराला एका बँकेमागे, सर्व शाखा मिळून, व्याजासह ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून आहे. विमा असलेल्या सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्थेतील ठेवीला मात्र हा विमा नाही. दोन टक्के जास्त व्याजासाठी सगळी पुंजी एकाच पतसंस्थेत टाकू नये.

शेवटी जामीनकीबद्दल. “नुसती सही तर करायची आहे” म्हणून पाव्हण्यारावळ्यांच्या कर्जाला जामीन राहणारे आपल्यात पुष्कळ आहेत. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. त्याने भरले नाही तर वसुली थेट आपल्याकडे येऊ शकते. ते कर्ज स्वतः फेडायची तयारी असेल तरच सही करावी. नसेल तर तोंडावर नाही म्हणावे. नाते राहते आणि जमीनही राहते.