अंबाबाई : एका देवीनामाची व्युत्पत्ति

करवीरनिवासिनी देवीस पोथ्यांतून महालक्ष्मी म्हणतात. परंतु कोल्हापुरांत लोकांच्या तोंडीं नांव अंबाबाई. कानडी मुलूख जवळ असल्यामुळें 'अंबा' हा कानडी 'अम्म'चाच अवतार, असें म्हणण्याचा मोह होतो. आम्हांस तें पटत नाहीं. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलांत सरस्वतीस 'अंबितमा', म्हणजे मातांमध्यें श्रेष्ठ, असें विशेषण आहे. मातृवाचक शब्दाचा अंत्य स्वर संबोधनांत ऱ्हस्व होतो, असा पाणिनीचा नियमच आहे (७.३.१०७), त्यावर काशिकेंत 'अम्ब' याच्या जोडीस 'अक्क' हेंही उदाहरण येतें. घरोघरची अक्का येथें भेटलेली पाहून वाचकांस कौतुक वाटेल! मात्र एवढ्यावरून कानडी शब्द संस्कृतांतून निघाला असेंही ठरत नाहीं. दूर उत्तरेकडील प्राचीन नॉर्स भाषेंत 'अम्मा' म्हणजे आजी. असे शब्द तान्ह्या मुलांच्या बोलांतून ठिकठिकाणीं स्वतंत्रपणें उपजतात. सबब केवळ ध्वनिसाम्य हा उसनवारीचा पुरावा नव्हे.

'बाई' हें आदरार्थी पद निराळें. संग्राहकांस विनंति इतकीच कीं, जुन्या कागदांत 'अंबाबाई' आढळल्यास नकलेंत 'महालक्ष्मी' करूं नये. मूळ कागद कसरीनें खाल्ल्यावर लिहिणाऱ्यानें देवीस कोणत्या नांवानें हांक मारिली, हें कळण्यास नकलेवांचून दुसरें साधन उरत नाहीं.