कराराचे शेवटचे वर्ष

क्रिकेटमध्ये गोलंदाज कधी बदलायचा हे कर्णधार ठरवतो. अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये हे काम मॅनेजरचे. तो स्वतः खेळत नाही. बाकावर बसून फलंदाजांचा क्रम लावतो आणि चेंडू फेकणारा पिचर थकला की बदलतो. एका मोसमात 162 सामने, म्हणजे जवळजवळ रोजच परीक्षा! त्याची नेमणूक ठरावीक वर्षांच्या कराराने होते. करार संपत आला की मॅनेजर जास्त जीव ओतून काम करतो, असे पुष्कळांना वाटते. खरेच तसे होते का?

2023 मध्ये मिलवॉकी ब्रुअर्सचे क्रेग काउन्सेल कराराच्या शेवटच्या वर्षात होते. संघाने 92 सामने जिंकून गटात पहिला क्रमांक मिळवला. मोसम संपताच शिकागो कब्सने त्यांना पाच वर्षांसाठी 4 कोटी डॉलर देऊन आपल्याकडे घेतले. याच कब्सचे आधीचे मॅनेजर जो मॅडन. 2016 मध्ये त्यांच्या हाताखाली संघाने 108 वर्षांनी वर्ल्ड सीरिज जिंकली होती. 2019 हे त्यांच्या कराराचे शेवटचे वर्ष. त्या वर्षी 84 विजय मिळाले, बाद फेरी हुकली आणि नवा करार झाला नाही. मुदत तर दोघांचीही संपत होती.

दोन उदाहरणांवरून नियम निघत नाही, हे विज्ञानाचे शिक्षक सांगतीलच. पण सगळ्यांची सरासरी काढली तरी अडचण राहते. फार चांगल्या मॅनेजरचा करार मालक बहुधा आधीच वाढवतात आणि फार वाईटाला मुदतीपूर्वीच घरी पाठवतात. शेवटच्या वर्षापर्यंत पोहोचतात ते बरेचसे मधले. वर्गातली पहिली पाच आणि शेवटची पाच मुले बाहेर उभी करून उरलेल्यांवरून वर्ग जोखावा, तसे हे होते. शिवाय साहेब पुढच्या वर्षी नसतील हे खेळाडूंनाही कळते, आणि मग ऐकणे ढिले पडते.

शाळांमध्ये वर्षावर्षाच्या नेमणुकांची चर्चा निघते, तेव्हा मला वॉल्टर ऑल्स्टन आठवतात. त्यांच्या आधीचे मॅनेजर चार्ली ड्रेसन यांनी 1953 मध्ये एकापेक्षा जास्त वर्षांचा करार मागितला. डॉजर्सचे मालक वॉल्टर ओमॅली यांनी तो दिला नाही आणि ड्रेसन गेले. ऑल्स्टन आले ते एका वर्षाच्या करारावर. 1954 ते 1976 असे एकूण 23 करार झाले, सगळे एकेका वर्षाचे! म्हणजे त्यांचे प्रत्येक वर्ष शेवटचेच. चार वेळा वर्ल्ड सीरिज जिंकली, पण 1958 मध्ये आठ संघांत सातवा क्रमांकही आला. मुदतीच्या धाकानेच संघ जिंकत असता, तर त्या वर्षी धाक कुठे गेला होता?

ओमॅलींनी मात्र त्या सातव्या क्रमांकानंतरही करार पुन्हा केला. 1959 ची वर्ल्ड सीरिज डॉजर्सनी जिंकली.