विश्लेषण : लँडस्केप डिझाइनच्या स्टुडिओत झाडांआधी नकाशे का?

लँडस्केप डिझाइन म्हणजे बाग फुलवणे, असा अनेकांचा समज. पण पदव्युत्तर स्टुडिओत विद्यार्थी आधी जागेचे नकाशे काढतात. उताराचा एक, मातीचा दुसरा, पाण्याच्या वाटेचा तिसरा. ते पारदर्शक करून एकावर एक ठेवण्याची पद्धत अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे प्राध्यापक इयान मॅकहार्ग यांच्या १९६९ मधील ‘डिझाइन विथ नेचर’ या पुस्तकामुळे रूढ झाली. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील रस्त्यासाठी त्यांनी मोलाची जमीन गडद दाखवली आणि फिकट भागातून मार्ग सुचवला. आज हेच थर संगणकावर जीआयएसमध्ये रचतात. पाण्याच्या वाटेचा थर सुटला, तर ओढ्यावर इमारत उभी राहते आणि पावसाळ्यात पाणी घरात शिरते. म्हणून कुठे बांधायचे नाही, हे आधी ठरते, झाडे नंतर.