नितळ पाण्याला लागलेली चुन्याची भूक

सुट्टीतल्या पोहण्याच्या वर्गाला येणाऱ्या मुलांच्या पायांची बोटं सोलवटून निघू लागली, की तलावाच्या भिंती तपासायची वेळ झाली असं खुशाल समजावं. पूर्वी जिथे हात घसरायचा तिथे पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं. टाइल्स असतील तर सांध्यांतलं ग्राउट आत गेलेलं असतं, नखाने कोरलं तरी निघतं. मग ठेकेदाराने माल हलका वापरला इथपासून आरोप सुरू होतात. पाण्यावर मात्र कोणाचा संशय जात नाही. ते तळ दिसावा इतकं नितळ असतं, क्लोरीन बरोबर असतो, सामू म्हणजे पीएचही 7.4 भरतो.

आणि तरीही भिंत त्या पाण्यानेच खाल्लेली असू शकते.

तलावाच्या आतला गिलावा बहुधा व्हाइट सिमेंट आणि संगमरवराची भुकटी यांचा असतो. सिमेंट घट्ट होताना त्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होतं. हा आपला पानाला लावायचा चुनाच. लिटरभर पाण्यात तो दीड-पावणेदोन ग्रॅम विरघळतो. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट; ते शुद्ध पाण्यात लिटरला जेमतेम 15 मिलिग्रॅम विरघळतं. म्हणजे गिलाव्यातला कच्चा दुवा चुना. पाणी आधी त्याला हात घालतं आणि मग संगमरवराकडे वळतं.

शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारायचा प्रयोग असायचा. निवळी दुधाळ होते, कारण श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे कॅल्शियम कार्बोनेटचा साका तयार होतो. बहुतेकांना प्रयोग इथवरच आठवतो. पण फुंकत राहिलं तर ती पुन्हा नितळ होते. जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडने साक्याचं कॅल्शियम बायकार्बोनेट होतं आणि ते विरघळून जातं. तलावात या दोन्ही क्रिया घडू शकतात. पाण्यात कॅल्शियम आणि कार्बोनेट मावतील त्याहून जास्त झाले तर भिंतींवर, फिल्टरच्या वाळूत, हीटरच्या नळ्यांवर पांढरा थर बसतो. कमी पडले तर पाणी आपली तूट भिंतीकडून वसूल करतं.

ही तूट किंवा भर मोजायची रीत तलावांसाठी निघालेलीच नव्हती. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक विल्फ्रेड लँगलिअर यांनी 1936 मध्ये ती शहरांच्या पाणीपुरवठ्यासाठी मांडली. लोखंडी नळ गंजू नयेत म्हणून आतून कॅल्शियम कार्बोनेटचा पातळ थर बसावा, पण नळ तुंबू नये, हा त्यांच्यापुढचा पेच होता. तलाववाल्यांनी तेच गणित उचललं. पाण्याच्या सामूत तापमान, कॅल्शियमचा कडकपणा आणि अल्कता यांचे कोष्टकातले आकडे मिळवायचे आणि बेरजेतून 12.1 वजा करायचे. उत्तर शून्याच्या आसपास, उणे 0.3 ते अधिक 0.3 मध्ये आलं तर पाणी तृप्त.

आता त्या 7.4 सामूच्या ‘उत्तम’ पाण्याचा हिशेब करू. तलाव धरणाच्या, मुळातच हलक्या पाण्याने भरलेला आहे. कॅल्शियमचा कडकपणा लिटरला 50 मिलिग्रॅम, म्हणजे 50 पीपीएम. त्याचा कोष्टकातला आकडा 1.3. पाणी 29 अंश सेल्सिअस, त्याचे 0.7. अल्कता चाचणीत 80 येते, पण इथे एक मेख आहे. क्लोरीनसाठी वर्षानुवर्षं टीसीसीएच्या गोळ्या टाकल्यामुळे पाण्यात सायन्युरिक आम्ल साचलेलं असतं. एक किलो गोळ्यांमागे ते अर्ध्या किलोहून जास्त मागे राहतं आणि अल्कतेच्या चाचणीत लबाडीने स्वतःला मोजून घेतं. ते 90 पीपीएम असेल तर त्याचा एक तृतीयांश, म्हणजे 30, वजा करायचे. खरी अल्कता उरली 50, तिचा आकडा 1.7. बेरीज 11.1. त्यातून 12.1 गेले, उत्तर उणे 1. हे मोजमाप लॉगरिदमचं असल्याने उणे 1 म्हणजे पाणी संपृक्ततेच्या दहाव्या हिश्शावरच आहे. भिंत खायला याहून भुकेलं पाणी कशाला हवं?

बोअरवेलच्या जड पाण्यात याच्या उलट होतं. सामू 7.8, कडकपणा 400, अल्कता 250 असेल तर त्याच तापमानाला उत्तर अधिक 1 येतं. त्यातून तापमानाची चाल उफराटी. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, कॅल्शियम कार्बोनेट कमी. गीझरच्या कॉइलवर पांढरं कवच चढतं ते यामुळेच. हेच पाणी थंड झालं की त्याची भूक वाढते. उन्हाळ्यात तोललेला तलाव डिसेंबरात काही न करताही शून्याखाली घसरतो.

आपल्याकडे याहून मोठा दणका पावसाळ्याचा. पावसाच्या पाण्यात कॅल्शियम जवळजवळ नसतंच आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्याचा सामू 5.6 च्या आसपास असतो. लोणावळ्याला दिवसाला 200 मिलिमीटर पाऊस कोणाला नवा नाही. सरासरी दीड मीटर खोलीचा उघडा तलाव अशा एका दिवसात आपलं आठवा हिस्सा पाणी ओसंडून घालवतो. चार दिवस लागोपाठ असे गेले तर 250 पीपीएमचा कडकपणा दीडशेच्या खाली येतो. नेमक्या याच काळात पोहणारे कमी, म्हणून चाचण्याही बंद.

भिंतीतून किती माल जातो? एक लाख लिटरच्या तलावात काही न टाकता, तेवढंच पाणी असताना कडकपणा 100 पीपीएमने चढला, तर दहा किलो संगमरवराइतकं कॅल्शियम भिंतींनी दिलं. पाण्याची पातळी उन्हाने उतरली असेल किंवा वर टँकरचं जड पाणी घातलं असेल, तर हा हिशेब अर्थातच लागू नाही. आणि प्रत्येक खवला पाण्याच्या माथी मारणंही बरोबर नव्हे. गिलाव्यात पाणी जास्त घातलं किंवा घाईने थापी फिरवली, तर तोललेल्या पाण्यातही डाग नि पोपडे येतातच.

नव्या गिलाव्याची तऱ्हा निराळी. पहिले काही आठवडे त्यातला मोकळा चुना पाण्यात येत राहतो आणि सामू वर पळतो. हलक्या पाण्याने भरलेल्या तलावात तळाशी पांढरी धूळही साचते. अशा वेळी पाण्यात पुरेसं बायकार्बोनेट असेल तर तो चुना बाहेर पडण्याआधी पृष्ठभागावरच कार्बोनेट होऊन घट्ट बसतो. सामू उतरवायच्या घाईत या काळात ॲसिडच्या बरण्या रिकाम्या करणारा माणूस तलावाचा वैरीच.

वरच्या उणे 1 च्या पाण्यावरचा उपाय महागडा नाही. कडकपणा 50 वरून 250 वर आणायला लाखभर लिटरमागे 22 किलो निर्जल कॅल्शियम क्लोराइड लागतं. बाजारातले 77 टक्क्यांचे फ्लेक्स असतील तर साधारण 29 किलो. खरी अल्कता 50 वरून 100 वर न्यायला साडेआठ किलोच्या आत-बाहेर खाण्याचा सोडा. तापमान आणि सामू तोच ठेवून मग गणित बरोबर शून्यावर येतं. दोन्ही एकाच दिवशी ओतू नयेत, नाहीतर जिथे ती भेटतील तिथेच साका होऊन तलाव दुधाळ होईल. कॅल्शियम क्लोराइड विरघळताना भरपूर उष्णता निघते, म्हणून बादलीत आधी पाणी घ्यावं आणि त्यात फ्लेक्स थोडेथोडे सोडावेत. टीसीसीएची गोळी पायरीवर ठेवून द्यायची सवयही मोडायला हवी; तिच्या द्रावणाचा सामू 3 च्या घरात असतो आणि गोळीभोवतीचा गिलावा तेवढ्यापुरता जळून निघतो.

क्लोरीन आणि पीएच दाखवणारी दोन नळ्यांची पेटी जवळपास प्रत्येक तलावावर असते. तिच्या जोडीला कडकपणाची बाटली आणि अल्कतेची बाटली हवी. कडकपणाची चाचणी पाच मिनिटांची: नमुन्यात निर्देशक टाकला की पाणी लालसर होतं, मग ईडीटीएचे थेंब मोजत जायचे आणि रंग निळा झाला की थांबायचं. महिन्यातून एकदा पुरे, पावसाळ्यात दर आठवड्याला.