विश्लेषण : चित्र नागपूरचे, आवाज कोल्हापूरचा… वाहिन्यांच्या ‘राउटर’वर नियंत्रण कसे राहते?

मतमोजणीच्या दिवशी पडद्यावर नागपूरचा वार्ताहर दिसतो आणि आवाज मात्र कोल्हापूरचा येतो. असा गोंधळ प्रेक्षकांनी कधी ना कधी पाहिला असेल. दोष दरवेळी नेटवर्कचा नसतो. अनेकदा नियंत्रण कक्षातल्या राउटरवर एखादी जोडणी चुकलेली असते.

हा राउटर कोणता?

घरातला वायफायचा डबा नव्हे. कॅमेरे, उपग्रहावरून येणारी फीड, ग्राफिक्सची यंत्रे यांच्या केबल याच्या आवक बाजूला येतात. स्विचर, रेकॉर्डर, मॉनिटर जावक बाजूला असतात. ४० आवक आणि ४० जावक असल्या तर १६०० संभाव्य जोडण्या होतात. एक आवक कितीही ठिकाणी पाठवता येते, पण एका जावकीवर एका वेळी एकच आवक. पूर्वी हेच काम पॅच पॅनेलवर वायरी उपसून-खुपसून होई.

सॉफ्टवेअर नेमके काय करते?

ऑपरेटर आधी कुठे पाठवायचे ते निवडतो, मग काय पाठवायचे ते, आणि ‘टेक’ दाबतो. राउटर आदेश पाळून नवी स्थिती परत कळवतो. पडद्यावरचा रंग बदलायला हवा तो त्यानंतरच. ब्लॅकमॅजिकच्या व्हिडिओहबमध्ये हे आदेश साध्या मजकुरात, ९९९० या पोर्टवर जातात. तिथे मोजणी शून्यापासून होते. पॅनेलवरची ५ क्रमांकाची आवक आदेशात ४ असते. स्वतः स्क्रिप्ट लिहिणारे बहुतेक जण इथेच एकदा तरी ठेचकाळतात.

बदल कधी करायचा यालाही महत्त्व आहे. आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. दोन फ्रेममधल्या सांध्यातच जोडणी बदलली तर चित्र उडत नाही. त्यासाठी सगळे कॅमेरे एकाच संदर्भ-संकेतावर चालावे लागतात. आवाज मधेच तोडला तर ‘टक्’ ऐकू येते.

मग गोंधळ कुठे होतो?

चित्र आणि आवाज सहसा एकत्र फिरतात, पण गरजेप्रमाणे वेगळे करता येतात. याला ‘ब्रेकअवे’ म्हणतात. वेगळे केलेले पुन्हा जोडायला कुणी विसरले, की नागपूर-कोल्हापूर होते. दुसरी चूक पाहुण्याला छळते. त्याच्या कानात कार्यक्रमाचा आवाज त्याचा स्वतःचा आवाज वगळून जायला हवा. चुकीची जावक जोडली की स्वतःचेच बोलणे उशिराने ऐकू येते आणि चांगला वक्ताही अडखळतो.

यावर दोन उपाय आहेत. प्रसारणाच्या जावकीला सॉफ्टवेअरमधून कुलूप लावायचे आणि कार्यक्रमाचा पूर्ण जोडणी-संच ‘साल्व्हो’ म्हणून साठवून एका बटणावर आणायचा. तिसरा उपाय फुकटचा आहे : ‘इनपुट १७’ऐवजी ‘नागपूर ओबी’ असे नाव द्यायचे. घाईत माणूस आकडे वाचत नाही.

२०१७ पासून प्रसिद्ध होत गेलेल्या एसटी २११० मानकांमुळे हे काम आता आयपी नेटवर्कवर सरकते आहे. तिथे चित्र आणि आवाजाचे प्रवाह मुळातच वेगळे असतात. त्यामुळे सॉफ्टवेअरची जबाबदारी वाढते. पारंपरिक राउटरमध्ये मात्र नियंत्रणाचा संगणक बंद पडला तरी शेवटची जोडणी तशीच टिकते, आणि समोरच्या बटणांनी काम पुढे नेता येते.