जुन्या कॅमेऱ्याचीं भिंगें आणि आजचें चलच्चित्रण

श्रावणांत बदलापुराहून बारवी धरणाकडे निघालें कीं ढग डोंगरांवरून खालीं उतरलेले दिसतात आणि जलाशयावरचा उजेड क्षणोक्षणीं पालटत असतो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या या धरणाची उंची टप्प्याटप्प्यानें वाढत गेली, तसतशी कांठच्या वाड्यापाड्यांची जमीन पाण्याखालीं गेली. येथें चलच्चित्र घेणाऱ्याला गेलेली घटका पुनः मिळत नाहीं. बुडालेल्या शेताकडे बोट दाखवून बोलणारा म्हातारा पुढच्या वर्षीं असेलच असें नाहीं.

नेमक्या अशा वेळीं स्वयंचलित फोकस दगा देतो. पावसाची सर मधून गेली कीं यंत्र गोंधळतें आणि बोलणाऱ्याचा चेहरा सोडून मागचा डोंगर स्पष्ट करूं लागतें. वडिलांच्या फिल्म-कॅमेऱ्याचें जें 50 मिलिमीटरचें भिंग घरोघरच्या कपाटांत पडून आहे, त्याचें कडें जेवढें फिरवावें तेवढीच कांच सरकते, आणि त्याच खुणेवर दरवेळीं तोच फोकस मिळतो. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हेहि मूळचे छायाचित्रकारच. त्यांनीं 1899 मध्यें मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्यें कुस्ती चित्रित केली, तेव्हां हाताला दुसरा पर्यायच नव्हता.

जुनें भिंग नव्या कॅमेऱ्याला बसतें कसें? भिंगाची बैठक आणि फिल्म यांत ठराविक अंतर असावें लागतें. निकॉनच्या जुन्या भिंगांना तें 46.5 मिलिमीटर, आटे असलेल्या एम-42 जातीला सुमारें 45.5, तर कॅननच्या एफडी जातीला 42 मिलिमीटर लागतें. आजच्या आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत तें 16 ते 20 मिलिमीटरच असल्यामुळें उरलेली जागा अॅडॅप्टर नांवाच्या पोकळ धातूच्या नळीनें भरून काढतां येते. आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांत ही सोय बेताची आहे. निकॉनच्या अशा कॅमेऱ्यावर एफडी भिंग नुसत्या नळीनें लावलें तर दूरचे डोंगर फोकसमध्यें येतच नाहींत.

भिंग विकत घेतांना बहुतेकजण नांव आणि छिद्राचा आंकडा पाहतात. चलच्चित्रणासाठीं आधीं कडें पाहावें. तें सावकाश फिरवून पाहावें. मध्येंच अडलें किंवा सैल पडलें तर आंतील ग्रीज वाळलें अथवा ओघळलें आहे असें समजावें. छायाचित्रांत हा दोष लपतो, चलच्चित्रांत प्रत्येक धक्का दिसतो. छिद्राचें कडें बहुधा टक्‌टक् करीत फिरतें. चित्रण चालूं असतां तें फिरवलें तर उजेड पायरीपायरीनें बदलतो आणि आवाजहि ध्वनिमुद्रणांत येतो. रशियन बनावटीच्या हेलिऑस 44-2 या 58 मिलिमीटरच्या भिंगाचें दुसरें कडें मुळांतच बिनटकटकीचें आहे, म्हणून हौशी चित्रकारांचा त्याच्याकडे ओढा आहे. त्याच्या गरगरीत पार्श्वभूमीचें कौतुक मात्र थोडें अतिच होतें. बोलणाऱ्या माणसाच्या मागें ती गरगर लक्ष विचलित करते. निकॉन आणि कॅनन यांचीं फोकसचीं कडीं परस्परविरुद्ध दिशांनीं फिरतात. हाताला एक सवय लागावी म्हणून शक्यतों एकाच घराण्याचीं दोनतीन भिंगें जमवावीं.

कोंकणच्या हवेंत खरा शत्रू बुरशी. बंद कपाटांतील दमट हवेंत ती कांचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आणि तिच्या आम्लानें वरचा लेप, कधीं कांचहि, कोरली जाते. ती पुसतां येते, कोरलेली कांच भरून येत नाहीं. भिंग पूर्ण उघडें ठेवून मागून विजेरीचा झोत टाकावा आणि तिरपें पाहावें. जाळें, धुरकट पडदा किंवा छिद्राच्या पात्यांवर तेल दिसलें तर कितीहि स्वस्त असलें तरी परत द्यावें. विक्रेता विजेरी लावूं देत नसेल तर दुसरें दुकान गांठावें. धुळीचे चार कण मात्र निरुपद्रवी. कांहीं ताकुमार भिंगांतील पिवळेपणाहि बुरशीचा नव्हे; तो थोरियमयुक्त कांचेचा असतो आणि अतिनील प्रकाशांत ठेवल्यानें बराच उतरतो.

लहान पटलाच्या कॅमेऱ्यावर 50 मिलिमीटरचें भिंग 75 मिलिमीटरसारखें वागतें. एका चेहऱ्याला तें उत्तम. चेहरा, बांध आणि पाणी एकत्र हवें तर 28 किंवा 24 मिलिमीटरचें शोधावें लागतें. सेकंदाला 25 चित्रें घेतांना शटर 1/50 सेकंद ठेवण्याचा प्रघात असल्यामुळें उघडीप पडतांच उजेड फार होतो. तेव्हां छिद्र लहान करण्याऐवजीं करडी काळी कांच, म्हणजे एनडी फिल्टर, पुढें लावावी. जुन्या लेपांना समोरचा उजेड सोसत नाहीं, पाण्याची चमक सबंध चित्र फिकें करते. म्हणून हूड अवश्य असावा.

वातानुकूलित गाडींतून उतरतांच भिंगावर बाष्प धरतें, तें आपोआप जाईपर्यंत थांबावें. धरणपरिसरांत पावसाळ्यांत मनाई-हुकूमहि निघतात, तेव्हां आधीं चौकशी करावी. परतल्यावर भिंग कोरड्या कापडानें पुसून, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यांत ठेवावें. चामड्याच्या जुन्या पेटींत ठेवूं नये. बुरशीला तेंच घर आवडतें.