लुंबिनीला जाताना पिशवीत कोणते पुस्तक?

थंडी पडली की परभणी, पूर्णा, जिंतूरकडून धम्मसहलीच्या गाड्या निघतात. बोधगया, सारनाथ, कुशीनगर आणि सोनौलीची सीमा ओलांडून लुंबिनी. आपल्या बहुतेक उपासक-उपासिकांचा हाच पहिला परदेश! व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालते, घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करायचे, एवढे टूरवाला सांगतो. सोबत पुस्तक कोणते घ्यावे, हे मात्र कोणीच सांगत नाही. ज्या माउलीने मजुरीतून पै-पै साठवून तिकीट काढले, तिच्या कानावर तिथे काय पडणार, हा प्रश्न किरकोळ आहे काय?

माझ्या हाती आलेल्या एका यात्रा-पुस्तिकेत तथागत चक्क विष्णूचे नववे अवतार होते. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतील पाचवी प्रतिज्ञा नेमकी याच थापेविरुद्ध आहे. असली पुस्तिका विकत घेऊन आपल्याच पैशाने प्रतिज्ञा मोडायची!

इंग्रजी गाईडबुके नकाशे, हॉटेल, बसगाड्या यांसाठी उपयोगी, नाही असे नाही. पण त्यांतही बहुधा म्हातारा, रोगी, प्रेत पाहून सिद्धार्थ घर सोडतो. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता, हे बाबासाहेबांना पटले नाही. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ते रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीयांत पेटलेला तंटा मांडतात. सिद्धार्थाने संघात युद्धाला विरोध केला, बहुमत विरोधात गेले, म्हणून गृहत्याग. ती रोहिणी आजही नेपाळातून उतरून गोरखपूरजवळ राप्तीला मिळते. जायकवाडीच्या पाण्यासाठी नगर-नाशिकशी भांडणाऱ्या परभणीकराला हे समजायला दुभाषा लागत नाही. तेव्हा हा ग्रंथ पिशवीत पहिला.

दुसरे पुस्तक घेताना दोन पाने उघडून पाहा. एक, लुंबिनीचा अशोकस्तंभ. त्यावरचा लेख १८९६ मध्ये उजेडात आला. राज्याभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर सम्राट स्वतः तिथे आला आणि बुद्धांच्या जन्मगावाचा कर माफ करून शेतसारा आठव्या हिश्शावर आणला, असे त्यात कोरले आहे. लेखाचा अर्थ न देता नुसता स्तंभाचा फोटो छापणारे पुस्तक शेतकऱ्याच्या काय कामाचे? दुसरे पान कपिलवस्तूचे. नेपाळ तिलौराकोट दाखवतो, भारत पिपरहवा. प्रामाणिक लेखक दोन्ही जागा सांगतो, एकच ठासून सांगणारा आपली दिशाभूल करतो.

काठमांडूपर्यंत जाणार असाल तर बाबासाहेबांचे नोव्हेंबर १९५६ मधील तिथले बुद्ध आणि मार्क्सवरचे भाषणही सोबत असू द्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आणि वाचन निघण्याआधी महिनाभर विहारात सुरू करा. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी एकाने मोठ्याने वाचावे. गाडीत ते जमत नाही. रात्री दिवे बंद असतात आणि दिवसा टीव्ही चालू.